शू ही पहिली बोली

माणूस जन्माला आल्यावर पहिला शब्द कोणता बोलतो, या प्रश्नावरून आमच्या घरात सध्या चार पक्ष पडले आहेत. नातू आठ महिन्यांचा झाला आहे. चिरंजीवांचे म्हणणे असे, की तो ‘बाबा’ म्हणाला. सूनबाईंच्या मते तो ‘मम्मा’ म्हणाला. आमच्या सौ.ने तर त्याला स्पष्ट ‘आजी’ म्हणताना स्वतःच्या कानांनी ऐकले आहे. फक्त त्या वेळी खोलीत दुसरे कोणी नव्हते. माझे मत या तिघांहून निराळे आहे आणि ते मी कोणाचीही भीडभाड न ठेवता इथे मांडणार आहे. माझा नातू पहिल्यांदा बोलला तेव्हा तो जेमतेम दोन महिन्यांचा होता, आणि तो जे बोलला त्याचा सरळ मराठी अर्थ ‘मला शू लागली आहे’ असा होता.

‘शी! हा काय लिहायचा विषय झाला?’ असे काही वाचक म्हणतील. त्यांना एवढेच सांगतो, की विषयाचा निम्मा भाग त्यांनी स्वतःच उच्चारला आहे. उरलेला निम्मा मी उच्चारतो.

नातवाचे पाळण्यातले नाव मी सांगत नाही, कारण ते मला अजून एका दमात म्हणता येत नाही. मी त्याला बंडोपंत म्हणतो. तर बंडोपंतांना नाव बाराव्या दिवशी मिळाले, पण डायपर पहिल्या तासातच मिळाला. पूर्वी बाळंतविड्यात झबली, टोपडी, कुंची, दुपटी आणि आजोबांच्या विटलेल्या धोतराचे मऊ लंगोट असत. या खेपेला खोकीच्या खोकी आली. प्रत्येक खोक्यावर बाळाच्या वजनाचे आकडे. आमच्याकडे देवगडहून येणाऱ्या आंब्याच्या पेट्यासुद्धा इतक्या बारकाईने निवडून येत नाहीत.

शिवाय त्या डायपरवर मधोमध एक पिवळी रेघ असते. डायपर ओला झाला की ती निळी होते. सूनबाईंनी मला हे कौतुकाने दाखवले तेव्हा मीही कौतुकाने ‘वा वा’ म्हटले. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र माझ्या मनात आले, की म्हणजे आता पोराने काही सांगायची गरजच उरली नाही. पोर गप्प आणि रेघ बोलते! आपण पोराच्या तोंडाकडे बघायचे सोडून त्याच्या बुडाकडे बघायचे. तेही रंग बदलला का, एवढ्यापुरते.

वादाला तोंड फुटले ते एका दुपारी. सूनबाईंचा डोळा लागला होता. बंडोपंत जागे होऊन पाय झाडत पडले होते. एकाएकी पाय झाडणे थांबले. चेहरा गंभीर झाला. अंगावर बारीक शहारा आला. आमच्या सौ.ने चटकन डायपर सोडला, त्याला उचलला, मोरीत पाटावर बसली, दोन्ही पावले जुळवून त्यावर त्याला बसवला आणि म्हणाली, “शूऽऽऽ.” पुढच्या क्षणाला कारंजे उडाले.

“बघा, मघापासून सांगत होता,” ती म्हणाली.

“काय सांगत होता? मला तर काही ऐकू आलं नाही.”

“तुम्हाला कधी काय ऐकू आलंय!”

या वाक्याचा संदर्भ पुढे येणार आहे, म्हणून ते वाचकांनी लक्षात ठेवावे. मी विसरायचा प्रयत्न करतो आहे.

आवाजाने सूनबाई उठल्या. त्या शिकलेल्या आहेत, प्रेमळ आहेत आणि त्यांच्या मोबाइलमध्ये सगळे आहे. त्यांनी तो उघडला. “आई, अठरा महिन्यांच्या आधी टॉयलेट ट्रेनिंग करायचं नसतं. बाळ रेडी नसतं. जबरदस्ती केली तर पुढे त्याच्या मनावर परिणाम होतो.”

“अगं, मी कुठे ट्रेनिंग करत्येय?” सौ. म्हणाली. “त्याला लागली होती, मी धरलं.”

माझी सगळी हयात ऑडिट खात्यात गेली. दोन्ही बाजूंची कागदपत्रे पाहिल्याशिवाय शेरा मारायचा नाही, ही आमची शिस्त. तेव्हा मी महिनाभर खपून शू या विषयाची कागदपत्रे तपासली. त्यांत जे सापडले ते असे :

अमेरिकेत १९३०च्या सुमाराला सरकारच आयांना सल्ला देत असे. तिथल्या बालक विभागाची ‘इन्फन्ट केअर’ नावाची पुस्तिका घरोघरी जायची. तिच्यात सांगितले होते, की पहिल्या काही महिन्यांतच मुलाला भांड्यावर बसवायला लागा, रोज ठरल्या वेळी, घड्याळ बघून! म्हणजे मूल हे मूल नसून डेक्कन क्वीन आहे; ठरल्या मिनिटाला सुटलेच पाहिजे. त्यापायी पुष्कळ घरांत त्या पोरांना रागावणे, तासन् तास बसवून ठेवणे हे प्रकार झाले असले पाहिजेत. या सगळ्याला मीसुद्धा छळच म्हणेन.

त्याच्याही आधी, १९०८ साली, फ्रॉईडसाहेबांनी एक निबंध लिहून ठेवला होता. लहानपणच्या या विधींचा आणि मोठेपणच्या स्वभावाचा संबंध असतो, असे त्यांचे म्हणणे. कसला स्वभाव? तर नीटनेटकेपणा, काटकसर आणि हट्ट. फ्रॉईडसाहेब सदाशिव पेठेत येऊन गेल्याची कुठे नोंद नाही. पण मग हे तीन गुण त्यांनी एकत्र पाहिले तरी कुठे, हे मला कळत नाही.

मग १९६२ साली ब्रेझल्टन नावाचे बालरोगतज्ज्ञ पुढे आले. आपल्याकडे आलेल्या ११७० मुलांच्या नोंदी तपासून त्यांनी सांगितले, की घाई करू नका, दीड वर्षाच्या आसपास मूल आपण होऊन तयारी दाखवू लागते, त्याच्या कलाने घ्या. छळानंतर आलेले हे बोलणे दयाळूपणाचे होते आणि त्याबद्दल त्या डॉक्टरांना माझा नमस्कार. पण योग पाहा. वर्षभरच आधी, १९६१ साली, अमेरिकेच्या बाजारात ‘पॅम्पर्स’ हा फेकून द्यायचा डायपर आला होता. ‘मूल तयार होईपर्यंत थांबा’ असे डॉक्टर म्हणत होते आणि थांबायचा खर्च कोणाच्या खिशातून कोणाच्या खिशात जाणार, हे कंपन्यांना बरोबर कळत होते. पुढे १९९०च्या दशकाच्या अखेरीला तेच डॉक्टर मोठ्या मुलांच्या मोठ्या मापाच्या डायपरच्या जाहिरातीत दिसले. त्यावरून तिकडच्या वर्तमानपत्रांतून वादही झाला. त्यांच्या हेतूबद्दल मी शंका घेत नाही. मी फक्त व्हाउचर फाईलला लावून ठेवतो. ऑडिटरची सवय!

आता दुसऱ्या बाजूचे कागद. १९७७ साली डीव्रीस या आडनावाच्या दोघा संशोधकांनी केनियाच्या किनाऱ्यावरच्या दिगो लोकांबद्दल लिहिले. दिगो आई बाळ काही आठवड्यांचे झाले की सुरुवात करते. जमिनीवर पाय लांब करून बसते, बाळाला पायांमध्ये धरते आणि ‘शूऽ’ असा आवाज काढते. चारसहा महिन्यांत बाळ आणि आई यांचे असे काही जमते, की बहुतेक वेळा अंथरूण कोरडे राहते. ना ओरडणे, ना मारणे. हे वाचता वाचता मी खुर्चीतून उठलोच. अहो, ही केनियातली बाई कुठली? ही तर आमची आई! पाय लांब करून बसलेली, पायांवर पोर आणि तोंडाने ‘शूऽ’!

चीनमध्येही तेच. तिथे तर लहान मुलांच्या विजारीला बुडाशी चीरच ठेवतात, आणि आया ‘श्यूऽ श्यूऽ’ करतात. म्हणजे केनियात शू, चीनमध्ये श्यू आणि नारायण पेठेत शू. जगातल्या सगळ्या माणसांना एक भाषा असावी म्हणून १८८७ साली एका भल्या माणसाने एस्पेरान्तो नावाची भाषा तयार केली. ती काही चालली नाही. त्या बिचाऱ्याला कोणी सांगितलेच नव्हते, की अशी भाषा आधीपासून आहे आणि ती मोरीत बोलली जाते.

सगळ्यात मोठे घबाड शेवटी सापडले. एका अमेरिकन बाईंनी आपल्या भारतीय मैत्रिणीकडून ही रीत ऐकली, स्वतःच्या मुलावर करून पाहिली आणि तीवर पुस्तके लिहिली. दुसऱ्या एका बाईंनी भारत आणि आफ्रिका पाहून २००१ साली ‘डायपर फ्री’ नावाचे पुस्तक काढले. या रीतीला आता तिकडे ‘एलिमिनेशन कम्युनिकेशन’ म्हणतात. थोडक्यात ईसी. मी हे रात्री जेवताना सांगितले, तर सूनबाईंचा हात घास घेता घेता थांबला.

“अय्या! आई, तुम्ही ईसी करताय?”

“मी शू करवत्येय गं,” सौ. म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून विरोध मावळला. आजेसासूने केले तर ते मागासलेपण, कॅलिफोर्नियाने केले तर कम्युनिकेशन! हळदीच्या जखमेवरच्या गुणाचे अमेरिकेत १९९५ साली पेटंट घेतले गेले, तेव्हा आपल्या शास्त्रज्ञांनी भांडून १९९७ साली ते रद्द करून घेतले. शूसाठी कोण भांडणार? तेव्हा मीच भांडायचे ठरवले. एक जळजळीत लेख लिहायला घेतला. ‘आमच्या आया-आज्यांचे ज्ञान आणि पाश्चात्त्य बाजारपेठेचे कारस्थान’ असे भारदस्त नाव दिले. लिहिता लिहिता अंगात वीरश्री संचारली, म्हणून पहिली चार पाने सौ.ला वाचून दाखवली. ‘धन्य त्या माउल्या, ज्यांनी डायपर नावाच्या परदेशी भुताला उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाही,’ या वाक्यावर मी दाद मिळावी म्हणून थांबलो.

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिने विचारले, “लंगोट कोण धूत होतं?”

लेख तिथेच संपला.

१९८८ सालचा पावसाळा. चिरंजीव तेव्हा तीन महिन्यांचे होते. दोन खोल्यांचे बिऱ्हाड, सामाईक नळ. दिवसाला वीस-पंचवीस लंगोट. बाहेर संततधार. स्वयंपाकघरात आडव्या दोऱ्या बांधलेल्या आणि त्यांवर लंगोटांची तोरणे. मला चहा हवा असला, तर तोरणाखालून वाकून जावे लागे आणि त्याबद्दल मी कुरकुर करत असे. आई पोराला पायांवर घ्यायची म्हणून तर पंचवीस. नाहीतर आणखी किती झाले असते कोण जाणे. आणि मी? मी बाहेरच्या खोलीत अग्रलेख वाचत होतो. पोर रडले तर मी मोठ्याने म्हणायचो, “अगं, तो रडतोय बघ!” बापाचे कर्तव्य तेवढे वाक्य बोलले की पुरे होते. ‘तुम्हाला कधी काय ऐकू आलंय’ या वाक्याचा संदर्भ तो हा.

तेव्हा डायपरला शिव्या घालायचा मला अधिकार नाही. ज्या बाईने पावसाळ्यात पंचवीस लंगोट धुतले आहेत, तिने डायपरला देव मानून त्याची पूजा घातली, तरी मी ताम्हन आणून देईन. रात्री, प्रवासात, आजारपणात तो खुशाल वापरावा. माझे भांडण डायपर नावाच्या वस्तूशी नाहीच. माझे भांडण ‘डायपर आहे ना’ या वाक्याशी आहे. ते वाक्य मी पूर्वी एकदा ऐकले आहे. ऐकले कशाला, बोललो आहे. त्याचे सांगतो, पण थोडे थांबा.

सूनबाईंची रजा सव्वीस आठवड्यांची. कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली म्हणून सव्वीस तरी मिळाली, त्याआधी बाराच होती. रजा संपत आली तशी आम्ही जवळचे एक पाळणाघर पाहून आलो. भिंतीवर ससे, हत्ती. दारात पाटी : ‘मुलांना डायपर घालूनच आणावे.’ आत आठ पोरे आणि एक बाई. त्या बाईंचा काय दोष? आठ पोरांची बोली एकट्या माणसाने ऐकायची कशी? पण परत येताना रिक्षात बंडोपंत माझ्या मांडीवर एकाएकी गप्प झाले, गंभीर झाले, आणि मी नकळत म्हणालो, “थांब रे, आलंच घर.” घर येईपर्यंत तो थांबला, असे मी म्हणणार नाही. माझा लेंगा साक्षीला आहे. पण मला ऐकू आले होते! आयुष्यात पहिल्यांदा. त्या रात्री मी घरच्या मंडळींसमोर रीतसर अर्ज केला : वय ६९, अनुभव शून्य, वेळ भरपूर, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा या वेळेत शूखात्याचा कार्यभार मिळावा. सौ.ने सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर घेतले.

या नोकरीतले बारकावे सांगतो. गुडघ्यांमुळे मला पाटावर बसता येत नाही, म्हणून मी प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसतो. पोराची पाठ माझ्या पोटाला टेकवायची, दोन्ही मांड्यांखाली हात घालून त्याला अलगद उकिडवा धरायचा आणि ‘शूऽऽ’ म्हणायचे. खाली वर्तमानपत्र. अग्रलेखाचे पान वर ठेवायचे. चाळीस वर्षे मी अग्रलेख वाचतो आहे, पण त्यावर इतकी तातडीची आणि प्रामाणिक प्रतिक्रिया मी आजवर पाहिली नव्हती.

आता बोलीचे व्याकरण. झोपेतून उठल्यावरची पहिली पाचदहा मिनिटे सोन्याची. तेव्हा जो धरील तो जिंकला. दूध पिता पिता पोर मध्येच तोंड बाजूला करते, पुन्हा धरते, पुन्हा सोडते. हे नखरे नसतात, निरोप असतो. पोटात दूध पडले, की आतडी आपसूक हलायला लागतात. म्हणून पिऊन झाल्यावरही एकदा धरावे. खेळता खेळता एकदम शांत होऊन दूरवर नजर लावली, तर तो चिंतन करतो आहे असे समजू नये, उचलावे. भुवया लाल, मुठी घट्ट आणि ‘अंऽ’ असा स्वर आला, तर प्रकरण वरच्या कोर्टातले आहे, धावावे. आणि धरल्यावर पोराने पाठीची कमान केली, तर त्याचा अर्थ ‘नको’. तिथे ‘नको’ म्हणजे नकोच. त्याला परत दुपट्यावर ठेवावे आणि आपण गप्प बसावे. घड्याळवाल्या पुस्तिकेला या व्याकरणातला एवढा एकच नियम माहीत नव्हता, आणि तिची सगळी चूक त्यातच होती.

पहिल्या आठवड्यात माझी कामगिरी म्हणजे सतरा चेंडूंत दोन धावा. त्यात सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस, अर्धे सोडवलेले शब्दकोडे आणि शेजारच्या काकांचा उजवा पाय एवढे बाद झाले. महिन्याभरात मात्र दहातली सहा-सात बोलणी कळू लागली. आजही तेवढीच कळतात. यापेक्षा जास्त आमच्या सौ.ची मला सदतीस वर्षांत कळलेली नाहीत.

इथे काही गोष्टी ऑडिटरच्या प्रामाणिकपणाने नोंदवतो. यात मुलाला काही शिकवले जात नाही. शू रोखून धरायची ताकद शरीरात यायला दोन-तीन वर्षे लागतात. डॉक्टर मंडळी सांगतात ते खरेच आहे. जन्मलेले बाळ दिवसातून वीस-वीस वेळा शू करते. त्याला रोखायला लावणे हा अन्याय आणि मूर्खपणा. आम्ही रोखत नाही. तो सांगतो, आम्ही ऐकतो, एवढेच. ट्रेनिंग झालेच असेल तर ते माझे झाले. बागेत फिरायला येणारे काही गृहस्थ ‘आमची नात चार महिन्यांत डायपरमुक्त झाली’ असे छाती काढून सांगतात. त्यांच्यापासूनही मी चार हात दूर असतो. हे म्हणजे ‘हागणदारीमुक्त गाव’ अशी वेशीवर पाटी लावण्यासारखे झाले. पाटीच्या मागे काय चालते, ते गावालाच माहीत. शू हा शर्यतीचा विषय नाही. ज्याने ही स्पर्धा केली, त्याने घड्याळाच्या जागी शेजाऱ्याची नात बसवली, एवढाच फरक.

आणखी एक हिशेब. दिवसाला सात डायपर धरले, तर अडीच वर्षांचे सहा हजार चारशेच्या घरात जातात. ते ‘फेकून द्यायचे’ असतात, असे आपण म्हणतो. फेकून म्हणजे कुठे? आमच्याकडे रोज सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या ताई आहेत. त्यांच्या हातात. डायपर वेगळे गुंडाळून द्यावेत असे २०१६च्या घनकचरा नियमांत आले. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेने तर ‘कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा’ अशी मोहीमच काढली, म्हणजे उघडण्याआधी आत काय आहे ते हाताला कळेल. किती साधी मागणी! तरीही आमच्या जिन्यात बिनठिपक्याची पुडकी पडलेली असतात. म्हणजे पूर्वी लंगोट सुनेने धुवायचे, आता डायपर ताईंनी उचलायचा. बाप तेव्हाही अग्रलेख वाचत होता, आताही वाचतो आहे, फक्त मोबाइलवर. आमच्याकडे आता दिवसाला दोनच ठिपके निघतात, एक रात्रीचा आणि एक बाहेर जायचा. उरलेले सुती लंगोट मशीन धुते आणि दोरीवर चिरंजीव वाळत घालतात. त्यांची ड्यूटी सहानंतर सुरू होते.

आता ते वाक्य.

२०१५ साली आई शेवटच्या आजारात इस्पितळात होती. एक्क्याण्णव वर्षांची. बोलणे जड झाले होते, पण ऐकू सगळे येत होते. पहिल्या रात्री तिने माझा हात ओढला आणि म्हणाली, “अरे, मला उठव.” मी तिथल्या बाईंना हाक मारली. त्या म्हणाल्या, “आजी, डायपर आहे ना? त्यातच करा.” त्यांच्याकडे वीस खाटा होत्या. आईने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “आई, अगं डायपर आहे ना.” तिने तोंड भिंतीकडे वळवले. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा हात ओढला, मी पुन्हा तेच म्हणालो. तिसऱ्या दिवसानंतर तिने सांगायचे सोडून दिले. आम्ही एकमेकांना म्हणालो, “बरं झालं, सवय झाली. आता शांत आहे.”

बंडोपंतांना पहिले दोन महिने डायपरात गुंडाळून ठेवले होते, तेव्हा येणारा-जाणारा म्हणायचा, “किती शांत बाळ आहे हो!” मला तेव्हा तो शब्द का टोचला, ते कळले नव्हते. स्टुलावर बसून पोराला धरल्यावर एके दिवशी कळले. ज्या बाईने मला पायांवर घेऊन, मी बोलायच्या आधी माझे पहिले बोलणे ऐकले, तिचे शेवटचे बोलणे मी ऐकले नाही. ते बोलणे काही मोठे नव्हते. एवढेच होते, की मला लागली आहे, मला धर.

तेव्हा माझी तक्रार कंपन्यांविरुद्ध थोडी आणि माझ्या वयाच्या पुरुषांविरुद्ध जास्त आहे. गृहस्थहो, आया कामावर जातात, ठीकच करतात. पाळणाघराच्या बाईंना आठ पोरे असतात. इस्पितळातल्या बाईंना वीस खाटा असतात. या गावात रिकामा वेळ फक्त आपल्याकडे आहे, आणि तो आपण बागेतल्या बाकावर देशाचे कसे होणार यावर घालवतो. देशाचे होईल ते होईल. घरात जे आठ महिन्यांचे आहे, ते काय म्हणते आहे ते ऐका. त्याला आई लागते असे नाही. एक स्टूल, दोन हात आणि एक जुने वर्तमानपत्र पुरते. आणि घरात जे नव्वदीचे असेल, त्याने हात ओढला, तर तेच करा. स्टूल तेवढे बदला.

यात माझा स्वार्थ नाही असे नाही. अजून वीस वर्षांनी मीही कोणाचा तरी हात ओढणार आहे. तेव्हा बंडोपंत वीस-एकवीसचे असतील. आजची ही गुंतवणूक तेव्हा परत मिळेल, अशी आशा आहे. व्याजाची अपेक्षा नाही.

पुष्कळ लिहायचे होते. पण बंडोपंत मघापासून माझ्या टेबलाशी खुळखुळा वाजवत बसले होते, तो आवाज आता थांबला आहे. चेहरा गंभीर आहे. नजर दूर लागली आहे. आजचे वर्तमानपत्र शेजारच्या काकांनी नेले आहे, आणि हाताशी दुसरा कागद नाही. मागे सौ.ला वाचून दाखवलेली ती जळजळीत लेखाची चार पाने तेवढी आहेत.

चला बंडोपंत. शूऽऽऽ.